ओल्या लाकडाचा धूर

हॉलिस ट्रस्कॉटनं माझ्या भावाला मारलं, असं व्हर्डेल हायटॉवर उघड सांगायची. चर्चच्या पायरीवर सांगायची, बँकेच्या रांगेत सांगायची, दातांच्या डॉक्टरनं तोंडात कापूस कोंबला तरी कापसाच्या फटीतून सांगायची. कुणी म्हणालं, "अहो मिस व्हर्डेल, लूशस तर हृदय बंद पडून गेला," की ती म्हणे, "पडलं, पण पाडलं कुणी?" यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. सदुसष्ट वर्षांची बाई, पण फावडं धरून धरून मनगटं लोहारासारखी झालेली.

टॅलबर्ट शहराच्या मधोमध, कॉटन स्ट्रीटवर, तिची मांस शिजवायची भट्टी. तिच्या बापानं सत्तावन्न साली एकेक वीट स्वतः रचून बांधलेली, आणि खालची जमीनही स्वतःच्या नावावर करून घेतलेली. त्या काळी जॉर्जियात काळ्या माणसाच्या नावावर भर गावात जमीन असणं हे काही खायचं काम नव्हतं. भट्टीला लागूनच कापसाचं जुनं चार मजली गोदाम, आणि त्या गोदामाच्या कोपऱ्यात लूशसचं केस कापायचं दुकान. एक्केचाळीस वर्षं तो तिथं होता. करारबिरार काही नाही. जुन्या मालकाशी एकदा हात मिळवला तो मिळवला. बापानं दोघांना शिकवलंच होतं, की कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. जमिनीच्या वेळी स्वतः बापानं मात्र चांगले चार कागद मागून घेतले होते, पण मुलांना शिकवताना ते सांगायचं राहिलं.

मग ट्रस्कॉटनं गोदाम घेतलं. हा ट्रस्कॉट काही परका नव्हता. दर शुक्रवारी व्हर्डेलच्या खिडकीशी उभा राहून डुकराच्या खांद्याच्या फऱ्याचं मांस पावासोबत खायचा, आणि "मिस व्हर्डेल, मिस व्हर्डेल" करत वर स्ट्यू मागायचा. गोदामात महागडी घरं करायची ठरली, तेव्हा तिथंच, तिच्या देखत, तो लूशसला म्हणाला, "वर्षभर सामान कुठंतरी हलवा. काम झालं की कोपरा तुमचाच, भाडंही तेच. काचेवर तुमचं नाव सोनेरी अक्षरांत मी स्वतः काढून घेतो. आणि ती लाल खुर्ची न्यायची काही गरज नाही. राहू दे इथंच, तुमची जागा धरून ठेवील." बोटं सॉसनं माखलेली होती, तरी हात पुढं केला. लूशसनंही तो तसाच धरला.

वर्षानं त्या कोपऱ्यात कॉफीचं दुकान लागलं. लाल खुर्ची इमारतीच्या दर्शनी दालनात ठेवली होती, भोवती मखमली दोरी, आणि शेजारी पाटी: 'जुन्या कॉटन स्ट्रीटची आठवण'. नवे भाडेकरू तिच्याजवळ उभे राहून फोटो काढत. लूशस रविवारचा सूट घालून आपली खुर्ची बघायला गेला. दाराशी रखवालदारानं अडवलं. घरी येऊन तो बहिणीला एवढंच म्हणाला, "मला विचारलं, कुणाकडे आलात." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, आणि पाच महिन्यांत तो गेला.

केसानं गळा कापला म्हणतात तो असा. पुरताना सगळे रडले, व्हर्डेल रडली नाही. तिनं पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू झोप. त्याच्याकडे मी बघते."

बघते म्हणाली खरी, पण बघणार कशी? वकिलानं कागद मागितला, तर कागद नव्हता. वर्तमानपत्रवाल्या मुलीनं फोटो काढून नेला आणि छापला तो कॉफीच्या दुकानाचा. व्हर्डेल दात-ओठ खात निखारे ओढत राहिली. आणि मग मार्च महिन्यात, तीन दिवस पाऊस लागला असताना, देवानंच तिच्या हातात हत्यार दिलं असं तिला वाटलं.

चांगल्या भट्टीचा धूर दिसत नाही, हे आधी सांगायला हवं. सुकलेलं ओकचं नाहीतर हिकरीचं लाकूड बाजूच्या चुलाण्यात जाळायचं, त्याचे निखारे झाले की फावड्यानं उचलून मांसाखाली पसरायचे, थोडे थोडे, बारा तास. वर जातो तो नुसता वास. पांढरा धूर निघाला तर ती आळशी माणसाची भट्टी. त्या दिवशी लाकूड भिजलेलं होतं, व्हर्डेलनं वैतागून तेच थेट भट्टीत कोंबलं, आणि धुराड्यातून असला पांढरा लोट उठला की शेजारच्या तिसऱ्या मजल्याच्या सज्जात वाइनचा पेला घेऊन बसलेला माणूस खोकत उठला.

"ओ बाई! हे काय चालवलंय? आम्ही इथं राहतो!" तो वरून ओरडला.

व्हर्डेलनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग धुराड्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. तिला इतकं बरं वाटलं, की दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

"मी इथं शिजवते!" ती खालून ओरडली.

दुसऱ्या दिवशी तिनं लाकूडवाल्या ब्यूफर्डला फोन लावला. "ब्यूफर्ड, आजपासून ओलं लाकूड आणायचं. आजचं तोडलेलं आज."

"ओलं?" ब्यूफर्डला वाटलं आपणच नीट ऐकलं नाही. "मिस व्हर्डेल, पंचवीस वर्षं तुम्ही मला सुकं नाही म्हणून शिव्या घालताय."

"आता ओलं नाही म्हणून घालीन. शिव्या तुला चुकायच्या नाहीत, काळजी करू नकोस."

तक्रारी झाल्या. शहराच्या कचेरीतून तपासणीला माणूस आला, बिचारा सरळ होता. नियम त्यानं तिला वाचून दाखवला: मध्यवस्तीत लाकडाची नवी भट्टी लावता येत नाही, पण जुनी चालू आहे तोवर चालेल. फक्त तिच्यावर मांस शिजत असलं पाहिजे. नुसता जाळ केला तर दंड.

"मग बघा की," असं म्हणून व्हर्डेलनं झाकण उचललं. आत सहा फरे मांडलेले. त्या माणसाचे डोळे पाण्यानं भरले, त्यानं खोकत खोकत कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो गेला. मांस न खाताच गेला, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

ट्रस्कॉटचा वकील आला. तिनं त्याला बापाचे चार कागद दाखवले. ट्रस्कॉटनं धुराडं उंच करून देतो असा निरोप पाठवला. तिनं उलटा निरोप पाठवला की आधी माझ्या भावाला उंच करून दाखवा, सहा फूट खाली आहे. उन्हाळ्यापर्यंत सज्जांमधल्या खुर्च्या आत गेल्या, कुंड्या वाळल्या, खिडक्या बंद झाल्या. सामान नेणारी पहिली गाडी जुलैत आली. व्हर्डेलनं फावडं भिंतीला टेकवलं, एप्रनला हात पुसले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून ती गाडी भरताना पाहिली. सोफा गेला, पलंग गेला, भलंमोठं चित्र गेलं. मनात ती एकेका वस्तूला लूशसचं नाव देत होती. रोज सकाळी ती वर बघून अंधाऱ्या खिडक्या मोजायची. लोक जपमाळ ओढतात, हिची ही. सूड ही चीज गोड असते, हे खोटं बोलून कशाला नाकारायचं?

एवढंच होतं, की खिडकीशी रांग लहान होत होती. व्हर्डेलनं त्याचा दोष रस्त्याच्या कामाला दिला, मग उन्हाला दिला. येणारे येत, नमस्कार-चमत्कार करत, आणि म्हणत, "आज नुसताच स्ट्यू द्या, घरून खाऊन आलेय." त्या लोकांत रांधणाऱ्या बाईला तोंडावर वाईट म्हणायची पद्धत नाही. मेलेल्या माणसाच्या घरी खारट जेवण आलं तरी दुसऱ्यांदा वाढून घेतात. फार झालं तर घरून खाऊन येतात. व्हर्डेलनं स्वतः आयुष्यभर इतरांच्या घरी हेच केलं होतं, तरी सगळा कॉटन स्ट्रीट एकदम घरून खाऊन का यायला लागला, हे तिला सुचलं नाही. आणि स्वतः चाखायचा तर प्रश्नच नव्हता. दिवसभर धुरात उभ्या राहणाऱ्याला संध्याकाळी मांसाचा घास नको होतो. ती घरी जाऊन टोमॅटो आणि पाव खायची. फरा झाला की नाही हे ती बोटानं दाबून ओळखायची, जिभेनं नव्हे.

शेवटी बोलले ते डीकन मोझली. इझिकेल मोझली, ऐंशीला टेकलेले, लूशसचे पहिले गिऱ्हाईक आणि शेवटचे मित्र. चाळीस वर्षं शुक्रवारी तिच्या खिडकीशी जेवलेला माणूस. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी अर्धी प्लेट बाजूला सारली आणि कागदी रुमालानं झाकली.

"झाकताय काय मढं झाकल्यासारखं?" व्हर्डेल म्हणाली.

"व्हर्डेल, मी तुला लहानपणापासून ओळखतो."

"म्हणजे काहीतरी वाईट बोलणार."

"मांस कडू लागतंय गं. ईस्टरपासून लागतंय. कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो."

व्हर्डेलनं कमरेवर हात ठेवले. "तुमची जीभ म्हातारी झाली, डीकन. दात गेले, आता चव गेली."

"गेली असेल. पण मग सगळ्या चर्चची एकदम गेली म्हणायची." त्यांनी टोपी उचलली. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, हे तुला शोभत नाही. तुझं नाक गेलं तर माझं काही नाही, पण ही भट्टी तुझ्या बापाची, अँब्रोझची आहे."

"आणि लूशस कुणाचा होता?" तिचा आवाज इतका चढला की कॉफीच्या दुकानातले लोक वळून बघायला लागले. "तुम्ही सगळ्यांनी जेवणाची भांडी भरून आणली, गाणी म्हटली, आणि दुसऱ्या सोमवारी विसरलात! त्याच्यासाठी कुणी बोट उचललं? मी उचललंय. कडू लागत असेल तर लागू दे तुम्हाला!"

"बरं," डीकन म्हणाले, आणि हळूहळू चालत गेले. पुढच्या शुक्रवारी आले नाहीत.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी चर्चचं वार्षिक पुनर्मीलन असतं. गाव सोडून गेलेले डेट्रॉइटहून, शिकागोहून येतात, झाडाखाली टेबलं मांडतात. एक्कावन्न वर्षं त्या टेबलांवरचं मांस हायटॉवरांच्या भट्टीतलं असे. या वर्षी पाद्रीबाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. यंदा मिस व्हर्डेलनं दमू नये, बसून जेवावं, असं सगळ्यांना वाटतं म्हणाल्या. मांस हमरस्त्यावरच्या दुकानातून मागवलंय.

हमरस्त्यावरच्या दुकानात गॅसवर शिजवतात. गॅसवर! व्हर्डेलनं फोन ठेवला. अपमानानं तिचे कान तापले होते. पण मनात आलं काय, तर हेसुद्धा त्या ट्रस्कॉटमुळेच. हेही त्याच्या नावावर चढवायचं. त्या रविवारी ती चर्चला गेली नाही. भट्टीवर गेली, सहा फरे चढवले, आणि ब्यूफर्डनं आणलेलं सगळ्यात ओलं लाकूड निवडून निवडून आत सारलं. एकही गिऱ्हाईक नव्हतं. धूर मात्र असा निघाला की रस्त्यावरचे दिवे दिसेनात.

सप्टेंबरच्या मध्यावर, मंगळवारी दुपारी, ट्रस्कॉट स्वतः आला. दीड वर्षानं येत होता. वजन उतरलेलं, दाढी खुरटी वाढलेली. खिडकीशी येऊन त्यानं टोपी काढली.

"मिस व्हर्डेल."

"मिस्टर ट्रस्कॉट."

"चाळीसातली अठ्ठावीस घरं रिकामी आहेत. तुम्हाला माहीतच असेल."

"एकोणतीस," व्हर्डेल म्हणाली. "सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे गेले."

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "माझ्या भागीदारांनी हात वर केले. इमारत विकतोय, मिळेल त्याला. मी इथून चाललो. मला सांगायचं होतं... तुम्ही जिंकलात."

या क्षणासाठी व्हर्डेलनं भाषण तयार ठेवलं होतं. दोन वर्षं निखारे ओढताना एकेक शब्द घासून धार लावली होती: लाल खुर्ची, सॉसची बोटं, कुणाकडे आलात. तिनं तोंड उघडलं.

"एक प्लेट मिळेल?" तो मध्येच म्हणाला. "तुमच्यासमोर यायची हिंमत होत नव्हती, पण शुक्रवार आला की आठवण यायची. जाण्याआधी एकदा खाऊन जाईन."

ती थांबली. का कोण जाणे, हात सवयीनं हलले. फरा फळीवर घेतला, सुरीनं तोडला, पाव, कोबी, वरून सॉस. तिनं प्लेट पुढं सरकवली. खाऊ दे, मग बोलते, असं ठरवलं. तोंड भरलेलं असताना बोलावं की गिळल्यावर, एवढाच विचार करत ती समोर उभी राहिली.

ट्रस्कॉट मन लावून जेवला. पावानं प्लेट पुसली. मग डोळे मिटून त्यानं सुस्कारा सोडला.

"काय सांगू! अगदी तीच चव," तो म्हणाला. "या रस्त्यावरचं सगळं बदललं, पण ही चव बदलली नाही. पहिल्या दिवशी होती तशीच आहे."

तो खुशामत करत नव्हता. खुशामत करायला आता त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. डीकन मोझलींवर तिनं विश्वास ठेवला नव्हता, सगळ्या चर्चवर ठेवला नव्हता. पण या माणसाला, ज्याला एक्केचाळीस वर्षांचं दुकान आणि शोभेची खुर्ची यांतला फरक कळला नाही, त्याला मांस छान लागलं, म्हणजे मांसात नक्की काहीतरी भयंकर झालं होतं.

तिनं फळीवरचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

जळक्या दोरीची चव होती. चघळलं तसं ते कडूपण जिभेच्या मुळाशी जाऊन बसलं आणि हलेना. बाहेरचा थर काजळीनं चिकट झाला होता. सहा महिने ती लोकांना हे विकत होती. आणि लोक कागदी रुमालानं झाकून, "फार छान, मिस व्हर्डेल," म्हणून जात होते. डीकन पाच महिने दर शुक्रवारी हे अर्ध्यापर्यंत संपवत होते. त्या आठवणीनं तिला एवढी लाज वाटली की तिनं फळीचा काठ घट्ट धरला.

"बरं वाटत नाही का?" ट्रस्कॉटनं विचारलं.

"वाटतंय."

"मग आणखी एक प्लेट बांधून द्या ना. बायकोला नेतो. तिनं कधी तुमच्या हातचं खाल्लं नाही."

व्हर्डेलनं घास कसाबसा गिळला. तयार केलेलं भाषण सगळं तोंडात होतं, पण त्या कडूपणाखाली गेलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"का बरं?"

"त्या बाईनं माझं काही वाईट केलेलं नाही."

ट्रस्कॉटला अर्थ लागला नाही. टोपी हातात फिरवत तो उभा राहिला. व्हर्डेलनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिला कळून चुकलं, की याला अर्थ कधीच लागणार नाही. याची इमारत गेली, भागीदार गेले, पण आपण नेमकं काय खाल्लं हे याला मरेपर्यंत समजायचं नाही. ज्याला गोड कधी कळलंच नाही, त्याला कडू चारून काय उपयोग?

"तुझ्यासाठी मात्र देते," ती म्हणाली. त्याला पहिल्यांदाच तिनं अरेतुरे केलं होतं, पण तेही त्याच्या लक्षात आलं नाही. तिनं झाकण उचललं, भट्टीतले उरलेले सगळे फरे काढले, एकेक जाड कागदात गुंडाळला, खोक्यात रचला. "हे सगळे तुझे. एकट्यानं खायचे. कुणाला घासभर द्यायचा नाही, कुत्र्यालासुद्धा नाही. शब्द दे."

"मिस व्हर्डेल, मला काय बोलावं तेच..." त्याचे डोळे भरून आले. आपल्याला माफ केलं, असं त्याला वाटलं होतं. "किती झाले?"

"काही नाही. शब्द दे म्हटलं ना."

त्यानं हात पुढं केला. बोटं सॉसनं माखलेली होती. व्हर्डेलनं तो हात धरला नाही, खोकं त्याच्या हातात दिलं.

खोकं छातीशी धरून तो गाडीकडे गेला. तिनं खिडकी लावून घेतली आणि मागं येऊन भट्टीसमोर उभी राहिली. ओली लाकडं आत फसफसत होती. बापानं रचलेल्या विटा आतून काळ्या, चिकट, डांबर फासल्यासारख्या झालेल्या. तिनं एका विटेवर बोट ओढलं आणि ते जिभेला लावलं. मग चुलाण्याच्या कट्ट्यावर बसून ती रडली. लूशसला पुरताना रडली नव्हती, ते सगळं आणि त्यावर आणखी. मोठ्यानं, तोंड एप्रनमध्ये न लपवता, रस्त्याला ऐकू जाईल असं रडली, पण शेजारच्या इमारतीत ऐकायला आता फारसं कुणी राहत नव्हतं.